संग्रह, गाळण आणि विवेक : संगणक-जाळ्यातील यंत्रांच्या जुळणी-लेखांविषयी



ज्या गुरुजींच्या पुण्यस्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांनी या सीमाभागात मराठी शाळा उभी राहावी आणि टिकावी यासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिला, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्याने हयात जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यात घालविली, त्याने संगणकाच्या जाळ्यातील यंत्रांविषयी का बोलावे? त्याचे कारण सांगतो. माझे काही माजी विद्यार्थी आज या क्षेत्रात नोकरी करतात. त्यांचे काम मी त्यांच्याकडून समजून घेऊ लागलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की नाव नवे असले तरी हे काम मला अपरिचित नाही. अनेक ठिकाणी विखुरलेल्या लेखांच्या प्रती गोळा करणे, त्यांतील निरर्थक भेद बाजूला सारणे, उरलेल्या भेदांचा अर्थ लावणे, यालाच आम्ही पाठचिकित्सा म्हणतो. तेव्हा मी तंत्रज्ञ म्हणून नव्हे, तर वाचक म्हणून बोलणार आहे.

१. जुळणी-लेख म्हणजे काय?

तालुका कचेरीत, बँकेत, रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे, आणि आता पुष्कळ ग्रामपंचायतींतही भिंतीला एक लहानशी पेटी लावलेली असते. तिच्यात तारा शिरतात, हिरवे दिवे लुकलुकतात. राउटर, स्विच अशी तिची नावे आहेत. एका जागेचा मजकूर दुसऱ्या जागी पोहोचविणे हे तिचे काम. टपाल कचेरीतील वर्गीकरणाचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चटकन कळेल : आलेले पत्र कोणत्या थैलीत टाकावयाचे, हे तेथे ठरलेले असते.

ही पेटी स्वतःच्या बुद्धीने काही ठरवीत नाही. तिला सूचनांचा एक लेख दिलेला असतो. इंग्रजीत त्यास कॉन्फिगरेशन म्हणतात; मी त्याला जुळणी-लेख म्हणेन. तो लेख म्हणजे साधा मजकूर असतो, ओळीखाली ओळ. यंत्राचे नाव काय, कोणत्या दाराला कोणता पत्ता, अमुक ठिकाणचे टपाल कोणत्या दाराने पाठवावे, कोणास प्रवेश द्यावा आणि कोणास मज्जाव करावा, असे त्यात लिहिलेले असते. लहान यंत्राचा लेख शे-दोनशे ओळींचा, मोठ्याचा हजारो ओळींचा.

या लेखाचे एक वैशिष्ट्य सांगण्यासारखे आहे. पुष्कळ यंत्रांत त्याच्या दोन प्रती असतात. एक प्रत यंत्राच्या चालू स्मृतीत असते आणि तिच्याप्रमाणे ते या क्षणी वागते. दुसरी प्रत साठवलेली असते आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की ती वाचली जाते. कोणी चालू प्रतीत बदल केला आणि तो साठविला नाही, तर यंत्र आज ठीक चालते. पण एखाद्या रात्री वीज गेली की तो बदल नाहीसा होतो. मुखपाठ आणि पोथी यांत अंतर पडले की काय होते, हे आपल्या परंपरेला ठाऊक आहे. म्हणून दोन्ही प्रती मिळविणे आणि एकमेकींशी ताडणे अगत्याचे ठरते.

२. संग्रह

अशी पाच-दहा यंत्रे असतील तर एखादा दक्ष माणूस वहीत नोंद ठेवील. परंतु केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची जी योजना मंजूर केली आणि जिला २०१५ पासून भारतनेट हे नाव आहे, तिच्यापुढील लक्ष्य सुमारे २ लाख ५० हजार ग्रामपंचायतींचे होते. इतक्या पेट्यांचे लेख हाताने कोण उतरवून घेणार? एखादे राज्याचे जाळे किंवा एखाद्या मोठ्या बँकेचे जाळे घेतले, तरी यंत्रे शेकड्यांनी आणि हजारांनी मोजावी लागतात.

म्हणून हे काम आज्ञावलीकडून करवून घेतात. आज्ञावली म्हणजे यंत्राकरिता क्रमाने लिहून ठेवलेल्या आज्ञा. तिच्याजवळ सर्व यंत्रांची यादी असते. ठरल्या वेळी, बहुधा रात्री, ती पहिल्या यंत्राच्या दाराशी जाते, नाव आणि परवलीचा शब्द सांगते, 'तुझा लेख दाखव' असे म्हणते, आलेले उत्तर उतरवून घेते आणि निरोप घेऊन दुसऱ्याकडे वळते. १९९० साली अमेरिकेतील डॉन लिब्स यांनी 'एक्स्पेक्ट' नावाचे साधन लिहिले. समोरून कोणते उत्तर येईल याची वाट पाहणे आणि त्याप्रमाणे पुढचे वाक्य बोलणे, हेच त्याचे काम. त्याचे नावच 'अपेक्षा' असे आहे. त्याच्या आधारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'रॅन्सिड' हे साधन सिद्ध झाले. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'खवट' असा होतो. परंतु नाव खवट असले तरी जगभरच्या जाळ्यांत ते वर्षानुवर्षे कामी आले आहे.

या संग्रहात अडचणी येतात त्या लहान-लहान, पण शिकविणाऱ्या. पुष्कळ यंत्रे एक पडदाभर मजकूर दाखवून थांबतात आणि पुढे जाऊ का, असे विचारतात. माणूस कळ दाबतो. आज्ञावलीला ते आधी सांगून ठेवावे लागते, नाही तर ती पहिल्याच पानावर ताटकळत बसते. कधी तार मध्येच तुटते आणि अर्धाच लेख हाती येतो. म्हणून लेखाची शेवटची ओळ मिळाली की नाही, हे तपासावे लागते. अपुऱ्या प्रतीने कालची पूर्ण प्रत पुसली जाऊ नये, हा संग्राहकाचा पहिला नियम होय.

येथे मला म्हाइंभटांची आठवण होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन त्यांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. ते कोणा एकाच्या सांगण्यावर विसंबले नाहीत. ऐकलेली गोष्ट जाणत्याकडून पारखून घेतल्यावाचून त्यांनी लेखात घेतली नाही. पुढे मूळ प्रत नष्ट झाली आणि अनुयायांना आठवणींतून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. एकच प्रत, एकाच ठिकाणी, हे किती धोक्याचे असते, याचे मराठी गद्याच्या आरंभीच घडलेले हे उदाहरण आहे.

३. गाळण

आता मी विषयाच्या गाभ्याकडे येतो. आपल्या भागात तूर, उडीद, मूग घरात आले की आयाबाया काय करतात? पाखडतात, चाळतात आणि मग निवडतात. आपल्या भाषेत या तीन कामांना तीन शब्द आहेत, कारण ती तीन वेगळी कामे आहेत. पाखडताना वाऱ्याने फोलपट जाते. चाळताना छिद्राच्या मापाने बारीक माती गळते. परंतु डाळीच्या आकाराचा खडा सुपातही राहतो आणि चाळणीतही राहतो. तो डोळ्याने पाहून बोटाने उचलावा लागतो.

जुळणी-लेखांचेही असेच आहे. आज गोळा केलेला लेख कालच्या लेखाशी ताडला, तर पुष्कळ ओळी वेगळ्या दिसतात. लेखाच्या माथ्यावर तो कोणत्या क्षणी छापला गेला ती वेळ असते. यंत्र किती दिवस अखंड चालू आहे, हा आकडा रोज बदलतो. काही यंत्रे आपल्या घड्याळाच्या सूक्ष्म दुरुस्तीचा आकडाही लेखात लिहीत. यांपैकी कशानेही जाळ्याच्या वागण्यात फरक पडत नाही. हे भेद गाळले नाहीत, तर रोज सकाळी अधिकाऱ्याच्या हाती 'सर्व यंत्रांत बदल झाला' असा अहवाल येईल. तो चार दिवस वाचील, पाचव्या दिवशी वाचणे सोडील. खरा बदल होईल तो नेमका सहाव्या दिवशी.

गाळणीसाठी शब्दांचे साचे वापरतात. 'या शब्दांनी सुरू होणारी आणि पुढे केवळ अंक असलेली ओळ वगळ', अशा स्वरूपाचे ते नियम असतात. त्यांचे गणिती मूळ स्टीफन क्लीनी यांच्या १९५० च्या दशकातील लेखनात आहे. १९७३ च्या सुमारास केन टॉम्प्सन यांनी 'ग्रेप' नावाचे ओळी शोधणारे साधन केले आणि हे साचे रोजच्या वापरात आले. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला त्यांत परके काही वाटू नये. रूपावरून शब्द ओळखणे, सामान्य नियम आणि त्याचा अपवाद सांगणे, हे आपण वर्गात करतोच.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली आरंभ झालेले ते कार्य १९६६ साली पूर्ण झाले. डॉ. वि. स. सुखटणकरांनी १९२५ पासून प्रमुख संपादक म्हणून त्याला शास्त्रीय शिस्त लावली. एकूण १२५९ हस्तलिखितांचा या कामी उपयोग झाला. मोठ्या कागदांवर चौकटी आखून श्लोकामागून श्लोक उतरवावयाचा आणि प्रत्येक पोथीतील भेद त्याच्या जागी नोंदवावयाचा, असे ते काम होते. अशा कामातही गाळण करावीच लागते. रेफानंतरचे व्यंजन दुहेरी लिहिण्याची अनेक लेखकांची सवय असे; 'धर्म' आणि 'धर्म्म' यांत अर्थभेद नाही. अशा लेखनसवयींना पाठभेद मानले, तर खरा पाठभेद त्यांच्या ढिगाखाली दडून जातो.

परंतु विरुद्ध बाजूचा धोका अधिक मोठा आहे. चाळणीची छिद्रे मोठी केली की मातीबरोबर धान्यही गळते. समजा, एखाद्याने 'अंक असलेल्या सर्व ओळी वगळ' असा सोपा नियम केला. घड्याळाचा आकडा गेला, पण त्याबरोबर दाराचे पत्तेही गेले. आता कोणी पत्ता बदलला तरी अहवाल कोराच राहील आणि कोरा अहवाल पाहून सर्वांना समाधान वाटेल. म्हणून काय वगळले याची यादी ही संग्रहाइतकीच जपून ठेवावयाची गोष्ट आहे, आणि ज्याने ती केली त्याने प्रत्येक नियमापाशी कारण लिहिले पाहिजे. सुखटणकरांनी आदिपर्वाला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेचे महत्त्व यातच आहे. आपण काय स्वीकारले आणि काय कोणत्या तत्त्वावर बाजूला ठेवले, हे त्यांनी वाचकाला सांगितले. नाकारलेले पाठही टीपांत दिले, म्हणजे उद्याच्या अभ्यासकाला त्यांचा निर्णय तपासून पाहता यावा.

४. पहाणी आणि फेरफार

गाळण झाल्यावर तुलना येते. दोन मजकुरांतील कमीत कमी फरक शोधून दाखविणारे 'डिफ' हे साधन १९७० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी केले. कोणती ओळ गेली आणि कोणती आली, हे ते वजा-अधिक चिन्हांनी दाखविते. हे फरक तारखेनिशी साठवून ठेवले, म्हणजे यंत्राची आजची स्थितीच नव्हे, तर तिचा इतिहास हाती येतो.

शेतकरी बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे पहाणी असते आणि फेरफाराची नोंद असते. पहाणी पत्रकात आज जमीन कोणाच्या नावे आहे ते दिसते. ती या नावावर कशी आली, केव्हा आली, कोणाच्या आदेशाने आली, हे फेरफारावरून कळते. केवळ पहाणी हाती असून भागत नाही, हे ज्याने वाद लढविला त्याला विचारावे. आपला हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. दप्तराची भाषा बदलली, लिपी बदलली, कचेऱ्या बदलल्या. जुन्या नोंदीचा माग लावताना किती कुटुंबांची किती वर्षे गेली, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे.

कर्नाटक शासनाने २००० च्या सुमारास 'भूमी' प्रकल्पातून सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर आणल्या. तेव्हा नोंदीत हात घालणाऱ्या कर्मचाऱ्याने आपले बोट ठेवून ओळख पटवावी, अशी योजना त्यात केली होती. कोणी काय बदलले हे कळले पाहिजे, हाच त्यामागील हेतू. पण संगणकावरील ही नोंद शेतकऱ्यापर्यंत येते ती जाळ्यातून, भिंतीवरच्या त्याच पेट्यांतून. त्या पेटीच्या लेखात कोणी एक ओळ बदलली आणि तिचा फेरफार कोठेच नोंदला नाही, तर खिडकीपाशी 'आज नेट नाही' एवढेच उत्तर मिळते. पीककर्जाच्या मुदतीच्या दिवशी खेड्याहून आलेल्या माणसाला हे उत्तर किती महाग पडते, ते मी आपणास सांगावयास नको.

५. गुपिते

यांत आणखी एक प्रश्न गुंतलेला आहे. सर्व यंत्रांचे लेख एका ठिकाणी गोळा केले, म्हणजे गावातील सर्व घरांच्या किल्ल्या एका टोपलीत ठेवल्यासारखे झाले. जुळणी-लेखांत परवलीचे शब्द असतात. काही यंत्रांत ते उघड नसून फिरवून लिहिलेले असतात. परंतु त्यांतील एक जुनी रीत इतकी सोपी आहे की कोणीही क्षणात मूळ शब्द काढू शकतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले; अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, अशी तिची रचना होती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी तिची किल्ली शोधली आणि मराठी साहित्याचे एक दालन जगाला खुले झाले. अभ्यासकाला हे लाभाचे झाले. परंतु याच जातीच्या लिपीत बँकेची किल्ली ठेवू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

म्हणून परवलीचे शब्द साठवण्यापूर्वीच लेखातून गाळतात. मात्र गाळलेल्या प्रतीवरून जळालेले यंत्र जसेच्या तसे पुन्हा उभे करता येत नाही. यावर उपाय असा, की वाचण्यासाठी व तुलनेसाठी एक गाळीव प्रत असावी, आणि पूर्ण प्रत कुलपात, मोजक्या जबाबदार माणसांच्या स्वाधीन असावी. यंत्राशी होणारे संभाषणही झाकलेले हवे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यातून परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील तातु यलोनेन यांनी १९९५ साली 'एसएसएच' ही सुरक्षित पद्धत तयार केली. आज संग्रह तिच्याच मार्गाने करतात.

६. एका ओळीची किंमत

हे सारे फार बारीक वाटत असेल, तर दोन घटना सांगतो. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स या कंपनीचे जाळे कोसळले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद पडली. अनेकांना तातडीच्या मदतीचा दूरध्वनीही लागेना. कारण काय? काही राउटरांच्या जुळणी-लेखातून मार्गांच्या माहितीला आवर घालणारी एक गाळणी काढून टाकण्यात आली होती. तो बांध निघताच माहितीचा लोंढा गाभ्यातील यंत्रांवर आला आणि ती बंद पडली. देखरेखीची वाटही त्याच गाभ्यातून जात असल्याने दोष शोधण्यास कित्येक तास लागले. संग्रहाची एक प्रत जाळ्याबाहेरही असावी, हे यावरून शिकावे.

दुसरी घटना ४ ऑक्टोबर २०२१ ची. फेसबुकच्या जाळ्याची क्षमता मोजण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने त्याचे सर्व प्रमुख दुवे तुटले आणि सुमारे सहा तास ते जगातून अदृश्य झाले. अशी घातक आज्ञा अडविण्यासाठी तपासणीची आज्ञावली तेथे होतीच. पण तिच्यातच दोष होता. यंत्राच्या गाळणीवर पहारा ठेवणारा अखेर माणूसच लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता जे सांगतो ते तुमच्यासाठी. तुम्ही सीमाभागात मराठी माध्यमात शिकता. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी, कचेरीत आणखी वेगळी भाषा. संगणक हा इंग्रजी शाळेतील मुलांचा प्रांत आहे, असे तुम्हाला अनेकदा ऐकविले जाते. आज्ञावलीतील इंग्रजी शब्द फार नसतात. ते कोणीही थोड्या महिन्यांत शिकतो. अवघड असते ते दोन मजकूर शेजारी ठेवून धीराने वाचणे, वरवरचा भेद कोणता आणि अर्थाचा कोणता हे ओळखणे, आणि आपण काय बदलले व का बदलले हे दोन स्वच्छ वाक्यांत लिहून ठेवणे. हे शिक्षण मराठीच्या तासाला मिळते. ज्या मुलाला एका अनुस्वाराने अर्थ कसा पालटतो हे नीट कळले, त्याला जुळणी-लेखातील एक ओळ गळाल्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. चार भाषांत वावरल्याने कानाला भेदाची जी सवय लागते, ती तुमची उणीव नसून तुमची कमाई आहे.

शिक्षकांनाही एक विनंती. शाळेत जाळे आहे आणि संगणक आहेत. मुलांकडून प्रथम एखाद्या लहान यंत्राचा जुळणी-लेख हाताने उतरवून घ्यावा, आठवड्याने पुन्हा उतरवून ताडून पाहावा, आणि मग आज्ञावली लिहावयास सांगावी. ज्याने हाताने निवडले आहे, तोच चांगली चाळणी विणू शकतो. आणि शाळेच्या दप्तरात एक नोंदवही ठेवावी : तारीख, बदल, कारण, करणाऱ्याची सही. पुढे ती वही संगणकात गेली तरी तिची शिस्त तीच राहील.

औराद तालुक्यातून वेगळे होऊन कमलनगर आता स्वतः तालुक्याचे ठिकाण झाले आहे. येथे कचेऱ्या वाढतील, तारा येतील, पेट्या बसतील. त्या पेट्यांचे लेख वाचणारी माणसे बाहेरूनच आणावी लागतील की याच शाळेतून निघतील, हा प्रश्न मी आपणापुढे ठेवतो. गुरुजींनी उभ्या केलेल्या या शाळेकडून मला मोठी आशा आहे.